‘कमिट केलंय की!’ : गिटचे शब्द जागेवर बसवण्याच्या सात पायऱ्या

‘सर, कमिट केलंय की!’

‘मग मला का दिसंना?’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात नवीन पोरं आली की पहिल्या महिन्यात हा संवाद आठवड्यातून एकदा तरी होतोच. गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि कमिट म्हणजे त्यातली पक्की नोंद. पोरगं खोटं बोलत नसतं. त्यानं कमिट खरंच केलेलं असतं, पण ते त्याच्या लॅपटॉपवर असतं आणि मी बघत असतो गिटहबवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक जागेवर. बहुतेकांनी ‘ॲड, कमिट, पुश’ हे तीन शब्द मंत्रासारखे एका दमात पाठ केलेले असतात. सगळं सुरळीत आहे तोवर मंत्र चालतो. कुठे अडलं की कुठल्या शब्दानं नेमकं काय झालं होतं हेच सांगता येत नाही, आणि हात आपोआप फोल्डरची कॉपी करून त्याला ‘प्रोजेक्ट फायनल 2’ नाव द्यायला वळतो.

म्हणून इथे शब्द ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने घेतलेत. नुसतं वाचू नका, शेजारी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून करत चला. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं. ‘पर्याय’ म्हटलं असेल तिथे त्या शब्दाआधी दोन डॅश.

## तयारी : कागद, फोल्डर आणि स्वतःचं नाव

आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर शेजारी शेजारी चार चौकोन काढा. हसू नका. कागद काढायला कंटाळा केलेली मंडळीच पुढे सातव्या पायरीवर अडकतात.

मग सरावासाठी नवीन फोल्डर करा. कॉलेजचं खरं प्रोजेक्ट यात आणू नका. आपण चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाची भावयादी करू. साधी टेक्स्ट फाइल, तीन ओळी: कापशी 1200, पुकरी 900, बक्कलनाली 1000. आकडे माझ्या मनाचे आहेत, दुकानात जाऊन भांडू नका. हा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह ज्यावर नजर ठेवून असतं अशा जागी ठेवू नका. गिट आपली नोंद फोल्डरमधल्या एका लपलेल्या ‘डॉट गिट’ फोल्डरमध्ये ठेवतं, आणि तिथे दुसरं कोणी एकाच वेळी लुडबुड करायला लागलं की ती नोंद बिघडू शकते.

आता गिट इन्स्टॉल करून ‘गिट कन्फिग’ने आपलं नाव आणि ईमेल नोंदवा. हे प्रत्येक कमिटवर छापलं जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये आधी बसलेल्याचं नाव तसंच राहिलेलं असतं, आणि तुमचं महिनाभराचं काम त्याच्या नावावर चढतं. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या एकाचं सगळं प्रोजेक्ट असंच परक्या नावाने होतं. काम त्याचंच होतं, पण ते पटवून देताना बिचाऱ्याला घाम फुटला.

तपासा: ‘गिट कन्फिग’ला लिस्ट पर्याय देऊन दिसणारं नाव तुमचंच आहे ना?

## पायरी 1 : चार जागा ओळखा

गिटचे निम्मे शब्द जागांची नावं आहेत आणि उरलेले निम्मे एका जागेहून दुसरीकडे नेण्याची. दुकानाच्या हिशेबाकडे बघा. काउंटरवर दिवसभर उलाढाल चालते. त्यातलं जे नोंदवायचं ते मालक कच्च्या चिठ्ठीवर उतरवतो. रात्री चिठ्ठी बघून पक्क्या रोजकीर्दीत नोंद होते. आणि अधूनमधून त्याच रोजकीर्दीची प्रत दुसऱ्या गावच्या भागीदाराकडे जाते.

कागदावरचे चौकोन याच क्रमाने भरा. काउंटर म्हणजे वर्किंग डिरेक्टरी, तुमच्या समोरचा उघडा फोल्डर. कच्ची चिठ्ठी म्हणजे स्टेजिंग एरिया. काही ठिकाणी हिलाच इंडेक्स म्हणतात. पक्की रोजकीर्द म्हणजे रिपॉझिटरी, बोलताना नुसतं रेपो. आणि भागीदाराकडची वही म्हणजे रिमोट, जो गिटहबवर, गिटलॅबवर किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर असतो. पहिल्या तिन्ही जागा तुमच्याच लॅपटॉपवर आहेत. इंटरनेट लागतं ते फक्त चौथ्या चौकोनासाठी.

आता सरावाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ द्या. यानं तिथे रेपो तयार होतो.

सावधान: इनिट देण्याआधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते बघा. टर्मिनल उघडल्या उघडल्या इनिट दिलं तर तुमचं सगळं यूजर फोल्डर, त्यातल्या लग्नाच्या फोटोंसकट, रेपो बनतं.

तपासा: ‘गिट स्टेटस’ द्या. एकच भावयादी दिसली तर ठीक. अनोळखी नावांची रांग लागली तर जागा चुकली. नुकत्याच केलेल्या त्या चुकीच्या रेपोचा ‘डॉट गिट’ फोल्डर तेवढा काढून टाका आणि योग्य ठिकाणी पुन्हा सुरू करा.

## पायरी 2 : ॲड आणि कमिट

स्टेटसमध्ये भावयादी अनट्रॅक्ड दिसेल, म्हणजे गिटला ही फाइल अजून माहीतच नाही. ‘गिट ॲड’ देऊन फाइलचं नाव लिहा, ती स्टेज्ड होते. नंतर ‘गिट कमिट’, की पक्की नोंद झाली. पुढे फाइल बदललीत की ती मॉडिफाइड दिसेल. एवढंच आहे, पण इथल्या तीन चुका इतक्या ठरलेल्या आहेत की मी त्या फळ्यावरून पुसतच नाही.

पहिली: एडिटरमध्ये फाइल सेव्हच केलेली नसते. गिट डिस्कवरची फाइल बघतं, तुमच्या स्क्रीनवरची नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये टॅबवर गोल ठिपका दिसत असेल तर ती फाइल अजून सेव्ह व्हायची आहे.

दुसरी जास्त फसवी. ॲड म्हणजे त्या क्षणीचा फोटो. समजा तुम्ही कापशीचा भाव 1350 केला, ॲड दिलं, मग आठवलं म्हणून पुकरीचाही बदलला आणि कमिट केलं. कमिटमध्ये फक्त कापशी गेली. पुकरीचा बदल अजून काउंटरवरच आहे. अशा वेळी कमिटआधी स्टेटस बघितलं तर एकच फाइल दोनदा दिसते, एकदा हिरवी आणि एकदा लाल. नवख्याला वाटतं गिट बिघडलं. ते उलट अगदी बरोबर सांगत असतं: फाइलचा एक बदल चिठ्ठीवर आहे, दुसरा अजून नाही. पुन्हा ॲड द्या.

तिसरी चूक ‘गिट ॲड’पुढे डॉट देण्याची. डॉट म्हणजे ‘इथलं सगळं घे’. त्यात पासवर्डची फाइल येते आणि नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमधल्या तयार लायब्ररींचा, डोंगरही येतो. म्हणून पहिल्या ॲडच्या आधी ‘डॉट गिटइग्नोर’ नावाची फाइल करून त्यात नको असलेली नावं लिहा. आधी हा शब्द महत्त्वाचा. एकदा कमिट झालेल्या फाइलवर गिटइग्नोर चालत नाही. ती ‘गिट आरएम’ला कॅश्ड पर्याय देऊन गिटच्या नजरेतून काढावी लागते. फाइल डिस्कवर तशीच राहते.

सावधान: पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिट होऊन रिमोटवर गेली असेल तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून उपयोग नाही. जुन्या कमिटमध्ये ती कुणालाही वाचता येते. तो पासवर्ड फुटला असं समजा आणि आधी तो बदला, बाकीचं नंतर.

कमिटचा निरोप, म्हणजे मेसेज, हा चार महिन्यांनंतरच्या तुमच्यासाठीच असतो. ‘अपडेट’, ‘चेंजेस’, ‘फायनल’ हे निरोप नव्हेत. ‘कापशीचा भाव 1200 वरून 1350 केला’ हा निरोप. निरोप न देता नुसतं ‘गिट कमिट’ दिलंत तर पुष्कळ मशीनवर विम नावाचा एडिटर उघडतो आणि त्यातून बाहेर पडता येत नाही म्हणून लॅपटॉप बंद करणारे लोक मी पाहिलेत. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. निरोप रिकामा असल्यानं कमिट रद्द होतं, नुकसान काही नाही. पुढच्या वेळी डॅश एम देऊन अवतरणचिन्हांत निरोप तिथेच लिहा.

## पायरी 3 : मागे वळून बघा

‘गिट लॉग’ म्हणजे रोजकीर्दीची पानं चाळणं. प्रत्येक कमिटला 40 अक्षरं-अंकांची ओळख असते, तिला हॅश म्हणतात. बोलताना आणि टाइप करताना सहसा पहिली 7 पुरतात. लॉग लांबला की स्क्रीन अडकल्यासारखी वाटते; क्यू दाबा.

‘गिट डिफ’ फरक दाखवतं, पण कशात आणि कशात? नुसतं डिफ काउंटर आणि चिठ्ठी यांची तुलना करतं. त्यामुळे ॲड केल्यावर ते कोरं येतं आणि ‘सर, माझे बदल उडाले’ अशी हाक येते. उडालेले नसतात. स्टेज्ड पर्याय देऊन बघा. कमिट करण्याआधी हे एकदा वाचायची सवय लागली तर ऑफिसातला तुमचा निम्मा ओरडा वाचेल.

हेड म्हणजे ‘मी आत्ता कुठे उभा आहे’ ही खूण. सहसा ती तुमच्या चालू ब्रँचवर असते.

## पायरी 4 : ब्रँच करा

मराठीत शाखा म्हटलं की बँकेची शाखा डोळ्यांपुढे येते: वेगळी इमारत, वेगळा मॅनेजर. तिथूनच गैरसमज सुरू होतो. गिटमध्ये ब्रँच केली म्हणून फोल्डरची दुसरी प्रत तयार होत नाही. ब्रँच म्हणजे एखाद्या कमिटवर चिकटवलेलं नावाचं लेबल. तुम्ही त्या ब्रँचवर नवीन कमिट केलं की लेबल आपोआप पुढे सरकतं.

‘गिट स्विच’ला डॅश सी देऊन ‘दिवाळी-भाव’ नावाची ब्रँच करा. जुन्या व्हिडिओंमध्ये इथे ‘चेकआउट’ दिसेल. तो एकच शब्द ब्रँच बदलायला आणि फाइलमधले बदल टाकून द्यायलाही वापरला जायचा, त्यामुळे अपघात व्हायचे. 2019 मध्ये आलेल्या 2.23 आवृत्तीपासून ही दोन कामं स्विच आणि रिस्टोअर अशी वेगळी झाली. चेकआउट अजून चालतं, पण नवीन शिकणाऱ्याने नवेच शब्द हाताला लावावेत असं माझं ठाम मत आहे.

मुख्य ब्रँचचं नाव कुठे मेन असतं, कुठे मास्टर. गिटहब 2020 पासून नवीन रेपोला मेन देतं, तुमच्या लॅपटॉपवरचं गिट मात्र अजून मास्टर देत असेल. मग ‘पुश मेन’ म्हटलं की अशी ब्रँचच सापडत नाही अशी तक्रार येते. ‘गिट ब्रँच’ देऊन नाव बघून घ्या.

सावधान: ब्रँच बदलण्याआधी स्टेटस कोरं हवं. कमिट न केलेले बदल एक तर तुमच्यासोबत दुसऱ्या ब्रँचवर येतात किंवा गिट अडवून धरतं. अर्धवट काम बाजूला ठेवायचं असेल तर ‘गिट स्टॅश’, परत आणायला ‘स्टॅश पॉप’. स्टॅशमध्ये टाकून विसरू नका. ते माळ्यावर टाकलेल्या सामानासारखं असतं.

स्क्रीनवर डिटॅच्ड हेड दिसलं तर घाबरायचं कारण नाही. तुम्ही ब्रँचऐवजी थेट एखाद्या जुन्या कमिटवर जाऊन उभे आहात. तिथे केलेल्या कमिटवर कुठलंच लेबल नसतं, म्हणून काम ठेवायचं असेल तर तिथेच नवीन ब्रँच करा.

## पायरी 5 : मर्ज आणि कॉन्फ्लिक्ट

मर्जमध्ये दिशा चुकते. ज्या ब्रँचमध्ये काम आणायचं तिच्यावर उभं राहायचं आणि जी आणायची तिचं नाव घ्यायचं. दिवाळी-भाव मेनमध्ये हवेत ना, मग आधी मेनवर स्विच करा आणि ‘गिट मर्ज दिवाळी-भाव’ द्या. सून घरात आणताना आपण आपल्या दारात उभे असतो, तसंच.

मेन दरम्यान हललेलीच नसेल तर तिचं लेबल नुसतं पुढे सरकतं. याला फास्ट फॉरवर्ड म्हणतात. दोन्हीकडे वेगवेगळं काम झालं असेल तर गिट दोन्ही जोडून एक मर्ज कमिट करतं. आणि दोन्हीकडे तीच ओळ बदलली असेल तर कॉन्फ्लिक्ट. मुद्दाम करून बघा. मेनवर कापशी 1350 करून कमिट करा, दिवाळी-भाववर 1400 करून कमिट करा, मग मेनवर परत येऊन मर्ज द्या. फाइलमध्ये असं दिसेल:

<<<<<<< हेड
कापशी 1350
=======
कापशी 1400
>>>>>>> दिवाळी-भाव

वरचा भाग तुम्ही उभे आहात त्या ब्रँचचा, खालचा येणाऱ्या ब्रँचचा. गिट इथे हरलेलं नाही. खरा भाव कोणता हे मालकाला विचारायचं काम त्याचं नाही, एवढंच ते सांगतंय. तेव्हा क्रम असा: ज्यानं दुसरी ओळ लिहिली त्याच्याशी बोला. हवी ती ओळ ठेवा. खुणांच्या तिन्ही ओळी काढा. सेव्ह, ॲड, कमिट. अंगावर आलं तर मर्जला अबॉर्ट पर्याय देऊन आधीच्या स्थितीत परत जाता येतं.

बोलायची पायरी सगळे गाळतात. स्वतःची ओळ ठेवून समोरच्याची खुशाल उडवतात, आणि मग दुपारी चहाच्या गाड्यावर वाद रंगतो.

तपासा: कमिटआधी सगळ्या प्रोजेक्टमध्ये ‘<<<<<<<’ शोधा. एकही सापडता कामा नये.

## पायरी 6 : रिमोटशी देवाणघेवाण

गिट हे तुमच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, गिटहब ही रेपो ठेवायची एक जागा. दोन्ही एकच समजणं ही मुलाखतीत हमखास पकडली जाणारी चूक.

क्लोन म्हणजे संपूर्ण वही, सगळ्या जुन्या पानांसकट, आपल्याकडे आणणं. गिटहबवरून झिप डाउनलोड केली तर फक्त आजचं पान मिळतं, इतिहास येत नाही आणि परत पुशही करता येत नाही. ओरिजिन हे त्या रिमोटचं टोपणनाव, त्यात दुसरी काही जादू नाही.

फेच रिमोटवरच्या नव्या नोंदी आणतं, पण तुमच्या फाइलींना हात लावत नाही. पुल म्हणजे फेच, आणि त्यापाठोपाठ त्या नोंदी तुमच्या ब्रँचमध्ये मिसळणं. म्हणून पुल करतानाही कॉन्फ्लिक्ट येऊ शकतो. पुश म्हणजे तुमची कमिट्स रिमोटवर पाठवणं. कमिट न केलेलं काही पुश होत नाही, कितीही वेळा दिलं तरी.

रोजचा क्रम: कमिट, पुल, पुश. सकाळी काम सुरू करतानाही एकदा पुल. पुश नाकारला गेला तर रिमोटवर तुमच्याकडे नसलेलं काही आलेलं आहे. पुल करा, जुळवा, पुन्हा पुश करा.

सावधान: नाकारलेला पुश फोर्स पर्यायाने रेटू नका. तुमची वही चढते आणि सहकाऱ्याची पानं रिमोटवरून जातात. इंटरनेटवरच्या उत्तरात ‘फोर्स लावलं आणि चाललं’ असं लिहिलेलं असतं. कुणाचं काय गेलं ते लिहिलेलं नसतं.

आणखी दोन अडथळे. गिटहब ऑगस्ट 2021 पासून पुशसाठी खात्याचा पासवर्ड घेत नाही, त्यामुळे बरोबर पासवर्ड टाकूनही नकार येतो. पासवर्डऐवजी चालणारं टोकन किंवा एसएसएच की करून घ्या. आणि 100 एमबीच्या वरची फाइल तिथे चढत नाही. पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट करूनही पुश अडतो, कारण ती इतिहासात बसलेली असते. प्रोजेक्टचा डेमो व्हिडिओ रेपोत टाकणाऱ्यांनी हे वाचून ठेवा.

फोर्क आणि पुल रिक्वेस्ट हे गिटचे नव्हे, गिटहबसारख्या सेवांचे शब्द. फोर्क म्हणजे दुसऱ्याच्या रेपोची आपल्या खात्यावर केलेली प्रत. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझं काम बघा आणि आत घ्या’ असा अर्ज. गिटलॅबवर यालाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. ‘गिट पुल’ देऊन पुल रिक्वेस्ट जात नाही.

## पायरी 7 : चुकलं तर

इथे तीन सारखे ऐकू येणारे शब्द आहेत: रिस्टोअर, रीसेट, रिव्हर्ट. कागदावरचे चौकोन पुढ्यात घ्या आणि आधी विचारा, चूक आत्ता कुठल्या चौकोनात आहे?

काउंटरवर असेल तर रिस्टोअर. बदल जातो, परत येत नाही. चिठ्ठीवर असेल तर रिस्टोअरलाच स्टेज्ड पर्याय. बदल चिठ्ठीवरून उतरतो पण फाइलमध्ये राहतो. कमिट झालंय पण पुश नाही, तर रीसेट करून ब्रँचचं लेबल मागे सरकवता येतं. सॉफ्ट पर्यायाने बदल स्टेजवर राहतात, काहीच न देता केलं तर फाइलमध्ये राहतात, हार्डने दोन्हीकडून साफ. आणि पुश झालं असेल तर रिव्हर्ट. दुकानदार रोजकीर्दीतलं पान फाडत नाही, उलटी नोंद घालतो. रिव्हर्ट तेच करतं: जुनं कमिट जागेवर राहतं आणि त्याचा परिणाम काढणारं नवीन कमिट वर बसतं.

शिकाऊ असताना मी स्वतः एका संध्याकाळी ‘साफ करून घेऊ’ म्हणून रीसेट हार्ड दिलं आणि दोन दिवसांचं कमिट न केलेलं काम गेलं. कमिट केलेलं असतं तर ‘गिट रीफ्लॉग’मध्ये हॅश सापडला असता, हेड कुठे कुठे उभा होता याची नोंद तिथे महिनाभर तरी राहते. कमिट न केलेल्याची नोंद नसतेच.

कुणाच्या कंपनीत सबव्हर्जन, म्हणजे गिटच्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर, असेल तर एक इशारा. तिथे कमिट म्हणजे थेट सर्व्हरवर, वेगळा पुश नाही. आणि तिथला रिव्हर्ट कमिट न केलेले बदल टाकून देतो, म्हणजे गिटच्या रिस्टोअरचं काम करतो. शब्द तोच, परिणाम वेगळा.

आता शेवटची तपासणी. गिटहबवर रिकामा रेपो करा, त्याचा पत्ता ‘रिमोट ॲड’ने ओरिजिन म्हणून जोडा आणि मेन व दिवाळी-भाव दोन्ही पुश करा. मग लॅपटॉपवरचा सरावाचा फोल्डर सरळ डिलीट करा आणि क्लोन करून परत आणा. दोन्ही ब्रँच, सगळी कमिट्स, गिटइग्नोर आहे का बघा. क्लोननंतर ‘गिट ब्रँच’मध्ये फक्त मुख्य ब्रँच दिसेल, दुसरीवर स्विच केलं की ती येते. तरीही काही कमी भरलं तर कागद काढा आणि ते कुठल्या चौकोनात अडकून राहिलं होतं तिथे फुली मारा.